उभी बाटली, आडवी बाटली

दिवाळी अंकाच्या या पानावर खाण्यापिण्याच्या वस्तूंचा न्यायनिवाडा करण्याचा माझा जुना परिपाठ आहे. त्यातल्या ‘खाण्या’बद्दल कोणाची कधी तक्रार आली नाही. ‘पिण्या’चा पल्ला मात्र आजवर चहा, ताक आणि कैरीचे पन्हे यांच्या पलीकडे गेला नव्हता. यंदा वाचकांच्या पत्रांनीच तो ओलांडायला लावला. “मुलगा पुण्याहून येताना तांबडी वाइन आणतो, ती चांगली की वाईट हे ओळखावे कसे?” असे एका निवृत्त गृहस्थांनी विचारले. “आमच्याकडे पाहुण्यांनी बाटली भेट दिली, ती तीन महिने देवघराला लागून असलेल्या कपाटात पडून आहे, आता तिचे काय करू?” असे एका गृहिणीने. दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत आणि प्रामाणिक प्रश्नाला नाक मुरडून उत्तर देऊ नये, असे मला वाटते.

पण मी राहतो पुसदला, यवतमाळ जिल्ह्यात. इथे बाटली या शब्दाला एक वेगळाच अर्थ आहे. शहरी वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. आपल्या राज्यात एखाद्या गावातले किंवा प्रभागातले दारूचे दुकान बंद करायचे असेल, तर तिथल्या स्त्रिया तशी लेखी मागणी करतात आणि मग चक्क गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: एक उभी बाटली, एक आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू द्या. आडवी म्हणजे बंद करा. नियमाने ठरलेली पुरेशी मते आडव्या बाटलीला पडली की दुकानाला कुलूप लागते. विदर्भात या आडव्या बाटलीसाठी बायांनी उन्हातान्हात रांगा लावल्या आहेत. शेजारचा वर्धा जिल्हा गांधीजींच्या वास्तव्याचा मान राखून कोरडा आहे, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. अशा मुलखात बसून वाइनची चव सांगायची, तर जिभेइतकेच आजूबाजूलाही पाहावे लागते.

गंमत अशी, की वाइनच्या जाणकारांतही बाटली आडवी ठेवण्याचाच दंडक आहे. अर्थात वेगळ्या कारणाने. बुचाची बाटली उभी ठेवली तर बूच वाळते, आक्रसते, फटीतून हवा आत शिरते आणि आतला माल बिघडतो. आडवी ठेवली की बूच ओले राहते. हल्ली स्वस्त वाइनला बहुधा फिरकीचे झाकण असते. तिला उभे राहण्याची शिक्षा चालते. तेव्हा या लेखात मी तीन कसोट्या लावणार आहे. जिभेला ती कशी लागते, खिशाला ती कशी लागते, आणि घराला ती कशी लागते.

आधी वाइन म्हणजे काय ते पाहू, कारण तिच्याविषयी घाबरणारे आणि तिच्यावर भाळणारे, दोघेही अज्ञानातच असतात. वस्तुतः मध्यमवर्गीय मराठी घराला ही वस्तू अगदी परकी नाही. आमच्या लहानपणी घराघरांत फडताळाच्या वरच्या कप्प्यात एक काळसर बाटली असे. तिच्यावर ‘द्राक्षासव’ अशी चिठ्ठी असे, आणि अशक्तपणा आला की आजी त्यातले दोन चमचे पाण्यातून देई. मनुकांचा काढा, त्यात साखर किंवा मध, धायटीची फुले, आणि तोंड बंद करून काही आठवडे मुरवत ठेवलेले भांडे, ही द्राक्षासवाची कृती. त्या मुरण्यात साखरेचा थोडासा मद्यार्क आपोआप होतोच. वाइनही अशीच मुरते. फरक एवढाच, की तिच्यात औषधी नसतात आणि मद्यार्क अधिक असतो, बहुधा शेकडा १२ ते १४.

तांबड्या वाइनचा तांबडेपणा द्राक्षाच्या रसात नसतो. काळे द्राक्ष सोलून पाहा. आतला गर पांढुरकाच निघतो. रंग आणि तुरटपणा दोन्ही सालीत असतात. म्हणून तांबड्या वाइनसाठी रस सालींसकट आंबवतात, आणि पांढरीसाठी साली आधीच बाजूला काढतात. आमच्या जिल्ह्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात, तीही अशीच आंबवतात; पण पुढे ती भट्टीवर चढवून त्यांचा अर्क उतरवतात. वाइन भट्टीवर चढत नाही. ती आंबवलेली असते, उतरवलेली नसते. हा भेद महत्त्वाचा आहे, पण किती महत्त्वाचा, ते पुढे हिशेबात पाहू.

महाराष्ट्रात वाइन म्हटली की नाशिक. नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. नाशिकचे नाव छापले की बाटलीला चार पैसे अधिक येतात, जसे पैठणीला येवल्याचे नाव लावले की येतात. म्हणून मी मुद्दाम नाशिक सोडून सांगली-सोलापूरकडच्या कोरड्या पट्ट्यातली बाटली निवडली. द्राक्षाच्या बाबतीत हा मुलूख काही अडाणी नाही. तासगावजवळच्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी ‘तास-ए-गणेश’ ही जात पुढे आणली, तर सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’. दोघेही शेतकरी. स्वतःच्या बागेत एखादी वेल वेगळी वागते आहे, एवढे पाहण्याचा डोळा त्यांच्यापाशी होता. ही सारी खाण्याची द्राक्षे. वाइनची द्राक्षे त्या मानाने बारीक, जाड सालीची, बियाळ. हातगाडीवर ठेवली तर कोणी पाव किलोही घेणार नाही.

२००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन उद्यानांची आखणी झाली. नाशिकचे नाव झाले. दक्षिणेकडचे मागे पडले. पण वेलीला हे ठाऊक नसते. युरोपातली वेल हिवाळ्यात बर्फाखाली झोपते आणि वसंतात उठते. आपल्याकडे थंडी एवढी पडत नाही, म्हणून वेलीला झोपही माणूस देतो आणि जागही माणूसच आणतो, तीही कात्रीने. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तोडणी. एका पिकासाठी दोनदा कात्री चालवणारा हा शेतकरी बाटलीवरच्या चिठ्ठीत कुठेच दिसत नाही.

आणि प्रसिद्ध गावाच्या नावाला भुलण्याची खोडही काही आजची नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत, म्हणजे ‘पेरिप्लस’मध्ये, भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत वाइन आहे, आणि गिऱ्हाईक इटलीच्या वाइनला पसंती देते, मग सीरियाकडची आणि अरबस्तानची, असेही तिथे नमूद आहे. त्याच पुस्तकात पैठण आणि तगर यांचा उल्लेख आहे. तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर. दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारीही आधी गावाचे नाव विचारीत होता, मग चव. आपण निदान क्रम उलटा करू.

आता प्रत्यक्ष बाटलीकडे येतो. नाव सांगत नाही. हे पान जाहिरातीचे नव्हे. द्राक्ष शिराझ जातीचे. हे नाव इराणातल्या शहराचे, पण जनुकांची तपासणी झाली तेव्हा या जातीचे दोन्ही ‘आईबाप’ फ्रान्सचे निघाले. किंमत साडेसहाशे रुपये, बाटली ७५० मिलिलिटरची. न्याय नीट व्हावा म्हणून मी एक व्यवस्था केली. एकाच कंपनीची, एकाच सालाची, एकाच जातीची अशा दोन बाटल्या मिळवल्या. एक पुण्याहून, गार ठेवणाऱ्या दुकानातून; माझा भाचा दिवाळीच्या आधी रातराणीने आला, त्याने ती कपड्यांत गुंडाळून आणली. दुसरी आमच्याकडच्याच एका दुकानातून. ती तिथे रमच्या आणि व्हिस्कीच्या मागे, ट्यूबलाइटच्या अगदी खाली उभी होती. खांद्यावर धुळीचा थर. तिने आमचा उन्हाळा तिथेच काढला असावा, आणि यवतमाळ जिल्ह्याचा उन्हाळा म्हणजे त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश. वाइनला बारा ते पंधरा अंश सोसतात.

परीक्षक मंडळ घरगुतीच होते. आमची सौभाग्यवती, शेजारचे वकीलसाहेब, भाचा आणि मी. पोळ्या करायला येणाऱ्या मावशी स्वयंपाकघरात होत्या. त्या आमच्या मंडळावर नव्हत्या, पण त्यांचे मत पुढे येणार आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन्ही बाटल्या पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवल्या. ‘तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ असे पुस्तकात असते, पण ती खोली युरोपातली. पुसदच्या खोलीच्या तापमानाला वाइनचा काढा होतो. साधे काचेचे पेले घेतले, तोंडाशी थोडे निमुळते, म्हणजे वास आत कोंडून राहतो. कोणती बाटली कोणत्या पेल्यात, हे फक्त भाच्याला ठाऊक.

पहिली परीक्षा डोळ्यांची. मागे पांढरा कागद धरला. पहिल्या पेल्यात पिकल्या जांभळाच्या सालीचा रंग, कडेपर्यंत एकसारखा. दुसऱ्यात तोच रंग, पण कडेला विटकरी छटा. दुसरी परीक्षा नाकाची. वकीलसाहेबांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली: “ब्लॅकबेरी, व्हॅनिला, आणि चामड्याचा सूक्ष्म सुगंध.” मग त्यांनी पेला गरगर फिरवला आणि डोळे मिटून म्हणाले, “येते आहे, ब्लॅकबेरी येते आहे.”

“भाऊजी,” सौभाग्यवतींनी विचारले, “ब्लॅकबेरी तुम्ही खाल्ली कधी?”

वकीलसाहेबांनी तारीख पडावी तसे तोंड केले.

या प्रश्नात मला सगळ्या वाइनपरीक्षेचे मर्म सापडले. आपण ज्या फळांची चव कधी घेतलीच नाही, त्यांची नावे घेऊन चव कशी सांगणार? आणि आपल्यापाशी शब्द नाहीत असे थोडेच आहे? आपल्या शास्त्रकारांनी सहा रस मोजले, त्यांत कषाय, म्हणजे तुरट, हा स्वतंत्र रस मानला. ज्याने जांभळाची बी चावली आहे, कवठाच्या कच्च्या गराने जीभ आखडून घेतली आहे, पानातला कात जास्त झालेला सोसला आहे, त्याला तुरट कशाला म्हणतात हे परदेशी पुस्तकातून शिकायचे कारण नाही. तांबड्या वाइनचा तर तोच कणा. सालीतली आणि बियांतली ती द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, आणि मग लाळेचा बुळबुळीतपणा जाऊन तोंड कोरडे, खरखरीत वाटते. आंबटपणाचेही तसेच. द्राक्षातले मुख्य आम्ल टार्टरिक, आणि चिंचेतलेही तेच. ज्या घरात चिंच-गुळाची आमटी होते, तिथे आंबट-गोडाचा तोल साधला की फसला हे सांगणारी जीभ आधीच तयार असते.

म्हणून आम्ही ठरवले, की चिठ्ठी उलटी ठेवायची आणि आपल्या शब्दांत बोलायचे. सौभाग्यवती पहिल्या पेल्याबद्दल म्हणाल्या, “जांभळे आणि थोडीशी मिरी.” भाच्याने सांगितले, की मिरीचा वास हा भास नव्हे. शिराझ द्राक्षाच्या सालीत रोटंडोन नावाचे द्रव्य असते, आणि काळ्या मिरीला तिचा वास देणारे द्रव्यही तेच. म्हणजे स्वयंपाकघरातल्या नाकाने प्रयोगशाळेतला निष्कर्ष बरोबर सांगितला. दुसऱ्या पेल्याबद्दल त्या म्हणाल्या, “हा वास काकवीचा. नाहीतर शिऱ्यात जास्त शिजलेल्या मनुकांचा.”

तिसरी परीक्षा जिभेची. पहिला पेला: सुरुवातीला आंबटसर, मग जांभळाचा गर, मग तुरटपणा, आणि घशाशी थोडी ऊब. चव चांगली, पण टिकत नाही. घोट गिळल्यावर चार-पाच सेकंदांत ती पाहुण्यासारखी “येतो हं” म्हणून निघून जाते. आंबटपणाही किंचित सुटा सुटा लागतो, फोडणी नीट न बसलेल्या आमटीसारखा. उष्ण मुलखात द्राक्षे झपाट्याने गोड होतात आणि त्यांचे आम्ल उतरते. तेव्हा वाइन करणारे वरून टार्टरिक घालतात. ते नियमाला धरून आहे, सगळ्या उष्ण देशांत करतात. पण ते मुरायला वेळ लागतो आणि स्वस्त वाइनला तेवढा वेळ कोणी देत नाही. हा या वाइनचा दोष, आणि तो तिच्याच पदरात टाकला पाहिजे. दुसरा पेला: गोडसर वास, पण चवीला सपाट, फळ निघून गेलेले, नुसती तुरटी उरलेली. वकीलसाहेब म्हणाले, “ही दुसरी काही वेगळीच स्वस्त दिसते राजेहो.”

भाच्याने सांगितले, तेव्हा सगळे गप्प झाले. दोन्ही एकच. पहिली पुण्याची, दुसरी आमच्या गावची.

वाचकहो, माझ्या मते या परीक्षेतला हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष. ‘आपल्याकडची वाइन वाईट’ असे जे सर्रास म्हटले जाते, त्यातला किती दोष बागेचा आणि किती वाटेचा, हे कोणी पाहत नाही. शेतकऱ्याने दोनदा छाटणी केली, कारखान्याने महिनोन्‌महिने गार टाक्यांत सांभाळली, आणि शेवटच्या टप्प्यात ट्यूबलाइटखाली तिचा जीव गेला. कमी प्रसिद्ध मुलखाच्या मालावर हा अन्याय नेहमीच होतो. त्याचा खप कमी, म्हणून तो मांडणीवर जास्त दिवस राहतो. जास्त दिवस राहतो म्हणून बिघडतो. बिघडतो म्हणून खप कमी. तेव्हा घ्यायचीच असेल तर उन्हाळ्यानंतर आलेली, खोक्यातून काढलेली बाटली मागा. दर्शनी मांडणीवरची घेऊ नका. साल पाहा, अशी साधी वाइन वर्षे साठवण्याची नसते, तीनेक वर्षांच्या आत संपवावी. आणि देवघराशेजारच्या कपाटातल्या बाटलीबद्दल विचारणाऱ्या बाईंना उत्तर: झाकण उघडा, वास घ्या. काकवीचा आला तर पाहुण्यांचा मान राखून मोरीत ओता.

फराळाबरोबर ती कशी लागते, हेही पाहिले. चकली आणि शेवेबरोबर ठीक. तेलकटपणा तुरटीने कापला जातो, जेवणावर सुपारी खावी तसा. करंजी आणि बेसनाच्या लाडवाबरोबर मात्र अगदी विजोड. गोड खाल्ल्यावर वाइन आंबटढाण लागते. वऱ्हाडी जेवणाशी तिचे सूत जुळवायला गेलो, तर पाटवडीच्या रश्श्याने तिला पहिल्याच घासाला चीत केले. तिखटाची आग मद्यार्काने भडकते आणि तुरटपणा अधिक खरखरीत होतो. ठेच्याचे तर नावच नको. वांग्याचे भरीत, मिरची बेताची घालून, निखाऱ्यावर भाजलेले, हे मात्र छान जमले. त्यातल्या धुराला जांभळाची ओळख पटली. थोडक्यात, आपल्या जेवणात तिची जागा आहे, पण ती पाटावरची नव्हे, ओसरीवरची.

आता खिसा. साडेसहाशेच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच पेले होतात, म्हणजे एक पेला एकशेतीस रुपयांना. एका बाटलीला द्राक्षे लागतात सुमारे किलो-सव्वा किलो. उरलेले पैसे काच, झाकण, कर, वाहतूक आणि दुकानदार यांच्यात वाटले जातात. ‘स्वस्त’ हा शब्द पुण्या-मुंबईच्या तोंडी शोभतो. जिथे कापूस, सोयाबीन आणि तूर यांचे भाव दरवर्षी जीव टांगणीला लावतात, त्या तालुक्यात साडेसहाशे रुपये ही आठवड्याच्या भाजीची रक्कम आहे. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये तीन दिवस राहते, एवढाच काय तो दिलासा.

आणि आता घर. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असे मोठ्या आवाजात सांगण्यात आले होते. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, गदारोळ झाला, आणि अंमलबजावणी तेव्हा रखडली. द्राक्षबागाईतदाराचे भले व्हावे असे मलाही वाटते. पण हिशेब हा हिशेब. १३ टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलिलिटरच्या पेल्यात साडेएकोणीस मिलिलिटर मद्यार्क असतो. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ४५ मिलिलिटरमध्येही जवळजवळ तेवढाच. पेला मोठा आणि रंग सुरेख, एवढाच फरक. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले, की आरोग्याला धोका नाही असे मद्याचे कोणतेही प्रमाण दाखवता येत नाही. तेव्हा ‘हृदयाला चांगली’ म्हणून कोणी ती घेत असेल, तर त्याने चार पावले चालावे. ते अधिक स्वस्त पडते. शिवाय १९४९ चा दारूबंदी कायदा आजही पुस्तकात आहे आणि पिणाऱ्याला परवाना लागतो, हेही ध्यानात असावे.

पोळ्या झाल्यावर मावशी हात पुसत बाहेर आल्या. त्यांच्या गावात काही वर्षांपूर्वी आडव्या बाटलीसाठी बायांनी सह्या गोळा केल्या होत्या, त्यांत त्या पुढे होत्या. सौभाग्यवतींनी पहिला पेला त्यांच्यापुढे धरला, “नुसता वास पाहा.” त्यांनी पाहिला. संकोच नाही, राग नाही. भाजीवालीकडची मेथी पाहावी तसा पाहिला.

“वास बरा हाये,” त्या म्हणाल्या. “पण आमी बाटलीचा वास नाई पाह्यत बाई, माणसाचा पाह्यतो.”

आणि मग वकीलसाहेबांकडे वळून त्यांनी साधा प्रश्न विचारला, “हे पिल्यावर माणूस पगार घेऊन सरळ घरी येते का?”

वकीलसाहेबांपाशी उत्तर नव्हते. माझ्यापाशीही नव्हते. रंग, वास, चव, शेवट या चार परीक्षा जगातल्या सगळ्या वाइनपुस्तकांत आहेत. ही पाचवी कुठेच नाही. कारण ती पुस्तके ज्यांनी लिहिली, त्यांना रात्री दाराशी उभे राहून कोणाची पावले ऐकत बसावे लागले नसावे.

तेव्हा निकाल असा. या वाइनला जिभेच्या कसोटीवर मी दुसरा वर्ग देतो, चांगल्या गुणांचा दुसरा वर्ग. जांभूळ आणि मिरी यांचा खरा वास, प्रामाणिक तुरटपणा. आंबटपणा सुटा आणि चव अल्पायुषी. नाशिकचे नाव नाही म्हणून एकही गुण कापलेला नाही. दुकानातल्या उष्ण कपाटातली बाटली नापास, पण तो निकाल दुकानाचा, वाइनचा नव्हे. खिशाच्या कसोटीवर ती मोठ्या शहरात पास, आमच्या गावात काठावर.

घराच्या कसोटीवर मात्र गुण द्यायचा अधिकार माझा नाही. ज्या घरात वर्षातून दोनदा, सगळ्यांसमोर, जेवणाआधी एखादा पेला घेतला जातो आणि झाकण लावून बाटली परत जाते, ते घर आपला निकाल आपण देईल. ज्या घरात झाकण लावायचे राहून जाते, तिथे सांगलीची असो, नाशिकची असो की इटलीची, मत आडव्या बाटलीलाच पडले पाहिजे. आणि ते मत घरातल्या कर्त्या पुरुषाला नव्हे, त्याची वाट पाहणाऱ्या माणसाला विचारून द्यावे. आपल्या राज्यात वाइनची पारख करणारी मंडळे पुष्कळ निघतील. मतपत्रिका हातात घेऊन उन्हात उभ्या राहणाऱ्या त्या बायांइतके कडक आणि निःपक्षपाती परीक्षक मंडळ मला तरी दुसरे माहीत नाही.

सर्व वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा. पुढच्या खेपेला पुन्हा चकलीकडे वळू.